वाफसा

जून सरत येतो. चिखलीहून मेहकरकडे निघालं की दोन्ही बाजूंना सोयाबीनची पेरणी उरकलेली दिसते आणि मध्येच एखादं काळं वावर तसंच उघडं पडलेलं असतं. मालकाला विचारावं, "काहून पेरलं नाही?" उत्तर दर वेळी निराळं मिळतं. एक म्हणतो, ओल नाही. दुसरा म्हणतो, ओल आहे, पण वाफसा नाही. तिसऱ्याने औंदा वावर पड टाकलेलं असतं. चौथा बियाण्याची सोय झाली नाही एवढंच बोलून मान वळवतो. पाचवा धुऱ्यावर तिफण उलटी टाकून बसलेला असतो. चाड्यात बी आहे, मूठ सुटते आहे, बैल चालताहेत, पण नळीच्या तोंडाशी चिखल बसलाय आणि मागे दाणाच पडत नाही.

रस्त्यावरून जाणाऱ्याला ही पाचही वावरं सारखीच दिसतात. शेतकऱ्याच्या लेखी मात्र हे पाच वेगळे प्रश्न आहेत. पड टाकलेल्या वावरात तो घाईने बी टाकणार नाही आणि नळी बुजली म्हणून पावसाची वाट पाहत बसणार नाही.

लिहिणाऱ्या माणसाचं लिहिणं थांबतं तेव्हा त्याच्यापाशी एवढी शब्दसंपत्ती नसते. तो दोनच शब्द बोलतो, "सुचत नाही." मी स्वतः हे दोन शब्द वर्षानुवर्षं वापरले. कथा अडली, सुचत नाही. वर्तमानपत्राचा लेख राहिला, सुचत नाही. वडील गेल्यावर त्यांच्याबद्दल चार पानं लिहायची होती, तीही राहिली आणि तेव्हाही मी तेच म्हटलं. तिन्ही वेळा अडचण वेगळी होती हे फार उशिरा कळलं.

इंग्रजीत ह्या अवस्थेला 'रायटर्स ब्लॉक' म्हणतात. हा शब्द रूढ केला तो व्हिएन्नाहून न्यूयॉर्कला गेलेल्या एडमंड बर्गलर नावाच्या मनोविश्लेषकाने, १९४०च्या दशकात. त्याच्याकडे लेखक रुग्ण म्हणून येत असत. सगळ्यांचं मूळ त्याने एकाच जागी शोधलं, तान्हेपणी आईच्या दुधावरून मनात बसलेल्या गाठीत. आज हा सिद्धान्त जवळपास कोणी धरत नाही. मला त्यातली चूक दुधाहून 'एकाच' ह्या शब्दात जास्त वाटते. पाच वावरांना त्याने एक रोग लावला.

तेव्हा आपण एकेका वावराकडे जाऊ. ओल नसलेलं पहिलं तेवढं सोडू, तिथे पावसाची वाट पाहण्याशिवाय इलाज नाही.

पड टाकलेल्यापासून सुरुवात करायची, कारण त्याचं उत्तम उदाहरण आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात आहे. कवी ना. घ. देशपांडे यांचा जन्म १९०९ मधला, सेंदुरजनचा. पुढचं सारं आयुष्य मेहकरात गेलं, वकिली करत, पैनगंगेच्या काठी. त्यांची 'शीळ' ही कविता गायक गो. ना. जोशी यांनी १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच ध्वनिमुद्रित केली. मराठी भावगीताचा इतिहास सांगताना लोक त्या तबकडीपासून सुरुवात करतात. घरोघरी गाणं गाजलं, पण कवीचा पहिला संग्रह, तोही 'शीळ' नावाचाच, आला १९५४ मध्ये. दुसरा 'अभिसार' १९६३ मध्ये. तिसरा, 'खूणगाठी', १९८५ मध्ये, कवीच्या पंचाहत्तरीनंतर. त्याला १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

दुसऱ्या आणि तिसऱ्या संग्रहात २२ वर्षांचं अंतर आहे. पुस्तकं मोजणारा माणूस म्हणेल, कवी २२ वर्षं अडला होता. हे मला पटत नाही. पुस्तक निघणं आणि कविता होणं ह्यांचं वेळापत्रक एक नसतं. पाटी-पेन्सिल घेऊन कुणाच्या गैरहजेरीचे दिवस मोजावेत तसा कवीच्या मौनाचा हिशेब होत नाही. मेहकरच्या कोर्टात पक्षकारांची कागदपत्रं वाचणाऱ्या त्या माणसाच्या मनात काय चाललं होतं हे आपण बाहेरून ठरवू नये. पण संग्रह हातात घेतला तर एवढं दिसतं, की त्यात उसनं काही नाही आणि कुणाला दाखवण्यासाठी केलेली धडपडही नाही.

शेजारच्या खानदेशातलं उदाहरणही घ्या. सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' १९६३ मध्ये आली, प्रकाशक रा. ज. देशमुखांच्या आग्रहातून. पुढची 'बिढार' आली १९७५ मध्ये. 'हिंदू' वाचायला मिळाली २०१० मध्ये. मधल्या काळात वाचकांनी किती वेळा विचारलं असेल, "कधी येणार?" जमीन पड असताना तिच्यात गवत उगवतं, कुजतं, मुरतं. काम चालूच असतं, फक्त त्या कामाला पीक म्हणत नाहीत.

पड टाकलेली आणि पडीक यांत मात्र फरक आहे आणि तो लिहिणाऱ्याने स्वतःशी खरेपणाने तपासावा. पड टाकलेल्या रानात शेतकरी जातो. धुरे नीट करतो, वखर फिरवतो. पडीक रानात वर्षभर पाऊल पडत नाही. तुम्ही वाचत असाल, टिपणं काढत असाल, माणसांत बसत असाल, तर रान पड आहे, काळजी करू नका. वही कुठल्या खणात आहे हेच आठवत नसेल, तर वेगळी गोष्ट आहे.

आता वाफसा. हा शब्द मला मराठीतल्या फार मोलाच्या शब्दांपैकी एक वाटतो. पाऊस भरपूर झाला म्हणून लगेच पेरता येत नाही, निदान आपल्या काळ्या भारी जमिनीत तरी नाही. मातीच्या कणाकणांमधली सगळी जागा पाण्याने भरलेली असते, हवेला वाव नसतो. त्यात औत घातलं तर ढेकळं निघतात, बी सडतं. दोन-तीन दिवस ऊन पडावं लागतं, पाणी थोडं खाली उतरावं लागतं, पाण्याइतकीच हवा आत शिरावी लागते. तेव्हा वाफसा आला म्हणतात. जाणती माणसं मुठीत माती दाबून गोळा करतात आणि तो खाली सोडतात. फुटला की वाफसा आला, तसाच चिकटून राहिला की अजून थांबायचं.

वडील गेले त्या महिन्यात एका दिवाळी अंकाने मला त्यांच्यावर लेख मागितला. मी बसलो. रोज बसलो. आठवणींची कमतरता नव्हती, उलट एकीचा धागा धरावा तर दहा अंगावर कोसळत. प्रत्येक वाक्यातून ढेकूळ निघत होतं. मला वाटलं, आपल्याला लिहिता येईनासं झालं. प्रत्यक्षात माती ओली होती, एवढंच. अशा वेळी स्वतःला रेटणाऱ्यांचं मी कौतुक करत नाही. दुःख ताजं असताना तारखा, नावं, बोललेले शब्द टिपून ठेवावेत, कारण ते पुढे निसटतात. लेख मागणाऱ्याला मात्र नम्रपणे नाही म्हणावं. मी नाही म्हणायला तीन आठवडे लावले आणि त्यात स्वतःची झोप घालवली.

बियाण्याची सोय न झालेल्या चौथ्या शेतकऱ्याबद्दल थोडक्यात, पण स्पष्ट बोललं पाहिजे. कधी लिहिणं थांबतं कारण माणूसच थकलेला असतो. झोप नाही, भूक नाही, कशातच मन नाही, सकाळ होऊच नये असं वाटतं. हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर तो लेखनाचा प्रश्न राहत नाही. लेखनाच्या युक्त्यांनी तो सुटणारही नाही. डॉक्टरांना दाखवा. सरकारच्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. आपल्याकडे वावरातल्या ओझ्याने मोडलेली माणसं आपण पाहिली आहेत. लिहिणाऱ्या माणसाचं थकणं त्याहून हलकं समजू नये.

राहिला तिफणीवाला. मला ह्या प्रकरणात खरं बोलायचं आहे ते त्याच्याबद्दल, कारण माझ्या अनुभवात दहांपैकी सात-आठ वेळा अडचण हीच असते. ओल आहे, वाफसा आहे, बी आहे. नळी बुजली आहे.

ती बुजते कशाने? आधी आपल्या व्याकरणाकडे पाहा. मराठीत 'मी लिहितो', पण 'मला सुचतं'. भूक लागते, झोप येते, ताप येतो, तसंच सुचतं. सुचण्याचा कर्ता मी नसतोच. मी फक्त ते ज्याच्याकडे येतं तो. भाषेनेच आपल्याला पाहुण्याची वाट पाहणारा यजमान करून ओसरीवर बसवलं आहे. आधी सुचेल, मग लिहीन, हा क्रम आपल्याला इतका स्वाभाविक वाटतो की तो तपासावा असंही मनात येत नाही.

एका माणसाने तो तपासला. रॉबर्ट बॉइस हा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिहिणं अडलेल्या प्राध्यापकांबरोबर काम करायचा. १९८३ मध्ये त्याने एक प्रयोग प्रसिद्ध केला. २७ प्राध्यापक, तीन गट. पहिल्या गटाला सांगितलं, अगदी निकड असल्याशिवाय लिहू नका, फक्त सुचलेल्या कल्पना टिपा. दुसऱ्याला सांगितलं, मनात येईल तेव्हा लिहा. तिसऱ्याला ठरल्या वेळी लिहायलाच बसवलं आणि वर अट घातली, की ठरलेलं लिहिलं नाही तर स्वतःला अजिबात न आवडणाऱ्या संस्थेला पैसे पाठवायचे. तिसऱ्या गटाची पानं जास्त झाली ह्यात नवल नाही. नवल कल्पनांचं आहे. न लिहिणाऱ्यांना साधारण पाच दिवसांतून एक नवी कल्पना सुचली, मनात येईल तेव्हा लिहिणाऱ्यांना दोन दिवसांतून एक आणि बळेच बसवलेल्यांना जवळपास रोज एक.

प्रयोग लहान आहे आणि तिकडच्या प्राध्यापकांवरचा आहे, हे मी लक्षात ठेवतो. पण विहीर असलेल्या घरात वाढलेल्या कुणालाही तो खोटा वाटणार नाही. उपसा बंद झालेल्या विहिरीचे झरे गाळाने बुजत जातात. पाणी लागावं म्हणून उपसायचं असतं. बॉइस पुढे आयुष्यभर एकच सांगत राहिला, की रोज थोडं लिहा, अर्धा तास पुरे, आणि वेळ संपली की अंगात जोर असला तरी उठा. त्यातलं 'उठा' पाळणं जास्त अवघड जातं. एका रात्रीत वीस पानं काढून पुढचे वीस दिवस वही न उघडणारे लोक मला ठाऊक आहेत. मी त्यांतलाच होतो.

नळीत चिखल बसण्याचं दुसरं कारण नियम. माइक रोज हा अभ्यासक लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात विद्यार्थ्यांना लेखन शिकवायचा. १९८० मध्ये त्याने दहा विद्यार्थ्यांवर एक निबंध लिहिला, त्यांतले पाच अडणारे, पाच न अडणारे. अडणारे कमी हुशार नव्हते. त्यांच्या डोक्यात नियम घट्ट होते, पहिल्याच वाक्याने वाचकाला पकडलं पाहिजे आणि असेच आणखी काही. न अडणाऱ्यांपाशीही नियम होते, पण ते 'जमलं तर' ह्या बोलीचे.

हे वाचलं तेव्हा मला आपली शाळा आठवली आणि आपला सर्वांत जुना, सर्वांत घट्ट नियम आठवला, लिहायचं ते 'शुद्ध' लिहायचं. बुलढाण्याचं मूल घरात 'मले', 'तुले', 'काहून' म्हणत मोठं होतं. घाटाखाली वऱ्हाडी जास्त ठसठशीत, घाटावर तिच्यात मराठवाड्याचा सूर मिसळतो. हे मूल पहिला निबंध लिहायला बसतं तेव्हा प्रत्येक वाक्य त्याला दोनदा करावं लागतं, एकदा मनात, एकदा कागदासाठी. दुसऱ्या वेळी त्यातला जीव बराचसा जातो. चाळिशी गाठली तरी हा पहारेकरी उठत नाही. मला प्रमाण मराठी प्रिय आहे, हे पुस्तक तिच्यातच आहे. पण पहिला खर्डा तिच्यात झालाच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही.

आपल्याच अमडापूरचे सदानंद देशमुख पाहा. 'बारोमास' ही त्यांची कादंबरी २००२ मध्ये आली, २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. शिकून वावरात अडकलेल्या एकनाथाची ती गोष्ट. त्या घरातली माणसं भांडतात, कण्हतात, हिशेब करतात ते आपल्या बोलीत. ती बोली काढून कादंबरी वाचायचा प्रयत्न करून पाहा, माणसंच उरत नाहीत.

आणि लक्ष्मीबाई टिळक. लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकलेली बाई. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून पुस्तकरूपात येऊ लागली तेव्हा त्या पासष्टी ओलांडून गेल्या होत्या. मुलगा वडिलांचं चरित्र लिहिणार होता, त्याला उपयोगी पडाव्यात म्हणून त्या आठवणी लिहू लागल्या. आपण 'साहित्य' लिहितो आहोत असं ओझंच त्यांच्या हातावर नव्हतं. त्यांनी बोलावं तसं लिहिलं आणि मराठी गद्याला एवढं मोकळं पुस्तक पुन्हा क्वचितच मिळालं.

त्याही मागे जायचं तर जात्याशी जावं लागतं. पहाटे जात्याच्या खुंट्याला हात घालणाऱ्या बाईला कोरा कागद भेटत नसे. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. लिहिता न येणाऱ्या बायांच्या एक लाखाहून जास्त रचना. त्या बायांना 'सुचत' कसं होतं? मला त्यात तीन गोष्टी दिसतात. हात कामात गुंतलेले, त्यामुळे मनावर कुणाची नजर नाही. सुरुवात आयती, पहिली ओवी देवाची, दुसरी आईबापाची, अशी परंपरेने घालून दिलेली, म्हणजे पहिल्या वाक्याचा घोर नाही. आणि समोर बसलेली दुसरी बाई, जी ओवी ऐकते आणि पुढची उचलते.

स्टॅनफर्डच्या मॅरिली ऑपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी २०१४ मध्ये दाखवलं, की बसलेल्या माणसापेक्षा चालणाऱ्या माणसाला नव्या कल्पना जास्त सुचतात, कोऱ्या भिंतीसमोरच्या यंत्रपट्टीवर चाललं तरीही. जात्यावर असा प्रयोग कुणी केला असता तर मला फार आवडलं असतं. तोवर मी एवढंच करतो, अडलो की राजूर घाटाच्या बाजूने चालायला निघतो आणि पहिलं वाक्य स्वतः बनवत नाही. 'त्या दिवशी' असं लिहून पुढे जातो. ती माझी पहिली ओवी.

वडिलांवरच्या लेखाकडे येतो. दोन वर्षं झाली होती. मुठीतला गोळा आता फुटत होता, तरी दाणा पडेना. पहिलं वाक्य मी सतरा वेळा तरी खोडलं असेल, कारण प्रत्येक वाक्य गौरवग्रंथातल्यासारखं येत होतं. एके दिवशी मी लेख लिहिणं सोडलं आणि त्यांच्या कोठीतल्या वस्तूंची यादी केली. विळा, पाभर, मोडका कंदील, तुटलेल्या चामड्याची पिशवी, त्यात जिनिंगच्या पावत्या. पावतीवरून ढवळ्या बैलासकट खामगावच्या बाजारचा एक दिवस आठवला आणि तो मी आम्ही घरात बोलतो तसा लिहिला. अर्ध्या तासाने उठलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. हेमिंग्वेने १९३५ मध्ये एका होतकरू लेखकाला दिलेला सल्ला मी तेव्हा पाळत होतो, की पुढे काय येणार हे ठाऊक असतानाच थांबावं. शेतकरीही संध्याकाळी औत तासातच सोडतो, सकाळी कुठून सुरू करायचं हा प्रश्न राहत नाही.

बारा दिवसांत तीस पानं झाली. बहुतेक गाळ. गाळ हा शब्द मी आदराने वापरतो आहे. काही वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यात तलाव आणि नदीपात्रं खोल करून तिथली माती-मुरूम महामार्गाच्या कामाला द्यायची पद्धत सुरू झाली, देशभर ती 'बुलढाणा पॅटर्न' म्हणून ओळखली गेली. २०१८ मध्ये भारतीय जैन संघटनेने प्रशासनाबरोबर 'सुजलाम् सुफलाम् बुलढाणा' हाती घेतलं तेव्हा धरणातळ्यांतला गाळ शेतकऱ्यांनी ट्रॉल्या भरभरून वावरात नेला. हलक्या माळरानावर तो पसरला. तळ्यात जागा झाली आणि रानाला माती मिळाली. माझ्या तीस पानांतली चार पानं लेखात राहिली. बाकीची मी फाडली नाहीत. ह्या प्रकरणातली तिफण त्यांतूनच आली आहे.

लेख पुरा झाल्यावर आईला वाचून दाखवला. ती डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "ढवळ्या त नव्हताच त्या साली. त्याले आधीच इकला होता तुह्या बापानं. कर्जापायी. कोनाले सांगतलं नव्हतं." आणि ती सांगू लागली. मी कागद पालटला आणि मागच्या बाजूला लिहीत राहिलो, दिवेलागण होईपर्यंत.